शेगडी आणि भिंतीतलं भोक

शेगडी येणार त्या दिवशी मी सकाळपासून खिडकी ते दार आणि दार ते खिडकी अशा येरझाऱ्या घालत होते. हे आरामात चहा पीत बसले होते. म्हणाले, "अगं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं काय चाललंय तुझं?"

मी म्हटलं, "नवरा तुम्ही. बाशिंगाचं तुम्ही बघा. मला रस्ता बघू दे."

आणि तेवढ्यात ती आली. छोट्या टेंपोत, दोरखंडांनी बांधलेली, वर घोंगडी पांघरलेली. घोंगडी काढली तर आत काळी कुळकुळीत लोखंडी शेगडी. चार आखूड पाय, पुढे काचेचं दार, दाराला पितळेची मूठ. लाकडं आत घालायची, दार बंद करायचं आणि काचेतून जाळ बघत बसायचं. मी टेंपोवाल्यासमोरच टाळी वाजवली. ह्या वयात लोकांना वाटतं बाई शांत झाल्या असतील. कुठल्या शांत?

आता एका शेगडीपायी एवढा जीव का टाकत होते ते सांगते. आमचं घर डोंगराच्या अंगावर, वस्तीच्या वरच्या टोकाला. हिवाळ्यात नळातलं पाणी गोठतं आणि वीज गेली की दिवस दिवस येत नाही. मागे एकदा माझ्या छातीत सर्दी उतरली, ती न्यूमोनियावर गेली. तेव्हापासून मुलांनी ठरवून टाकलं, आईबाबांनी हिवाळ्यात तिथे राहायचं नाही. लेकीकडे एक पलंग मोकळा, लेकाकडे एक. दोन वेगळी शहरं, एकातून दुसऱ्यात जायला अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे थंडी पडली की आमची वाटणी होते. मी लेकीकडे, हे लेकाकडे. घरातली भांडी वाटून घ्यावीत तशी आमची मुलं आईबाप वाटून घेतात.

मुलं वाईट नाहीत हो. जावई तर सोन्यासारखा आहे. पण जन्मभर ज्या माणसाच्या घोरण्याला नावं ठेवली, ते घोरणं नसलं की झोप येत नाही, हे कुणाला सांगायचं? संध्याकाळी फोन व्हायचा. "जेवलात का?" "जेवलो." "थंडी आहे का?" "आहे." झालं. ह्यांना फोनवर बोलताच येत नाही. समोर बसले तरी फारसं बोलत नाहीत, पण समोर बसलेले तरी असतात.

म्हणून यंदा मी घर डोक्यावर घेतलं. मुलीला सांगितलं, "ह्या हिवाळ्यात मी माझ्या घरात, माझ्या माणसाबरोबर राहणार. शेगडी बसवायची."

मुलगी नर्स आहे, अपघात विभागात. ती फोनवर म्हणाली, "आई, बंद खोलीत निखारे पेटवून झोपलेली माणसं मी पाहिलीयेत. खोकतसुद्धा नाहीत. वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपेतच जातात."

"म्हणून तर धुराडं घालणार ना!"

"नुसतं धुराडं नाही. ज्यानं शिक्षण घेतलंय अशाच माणसाकडून बसवायची. वायूचा अलार्म लावायचा. आणि पहिल्यांदा पेटवाल तेव्हा मी तिथे असणार. अलार्म एकदा जरी खराखुरा वाजला, तर त्याच दिवशी तू माझ्याबरोबर आणि बाबा दादाकडे. मान्य?"

मान्य न करून सांगते कुणाला. अडला हरी.

आता ह्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमचे हे जन्मभर बस चालवत होते, आणि वस्तीत ह्यांना बोळेबुवा म्हणतात. घरात फट दिसली की बोळा कोंबलाच. दाराखाली बोळा, खिडकीच्या चौकटीत बोळा, फळ्यांच्या सांध्यात बोळा. चिंध्यांना तोटा नाही, कारण मी पडदे शिवते, कातरणं ढिगानं पडतात. पण कुणीही उठून चिंधी कोंबावी तसलं हे काम नव्हे. हे आधी भिंतीचा रंग बघणार, मग तसल्याच रंगाची चिंधी निवडणार, ती वळून वळून नेमकी त्या मापाची करणार आणि सुरीच्या टोकानं अशी बसवणार की नंतर ह्यांना स्वतःलासुद्धा सापडायची नाही. सगळे म्हणायचे, खिळखिळ्या खिडक्यांच्या बसमध्ये जन्म गेला ना, म्हणून वाऱ्याशी असं वैर. मीही तेच म्हणायचे.

शेगडीबरोबर मिस्त्री आला. उंच, मिशाळ, कमरेला मोजपट्टी. बोलणं असं, की जगातल्या सगळ्या शेगड्या ह्याला विचारूनच पेटतात. दारातूनच म्हणाला, "काकू, मी बसवलेली एकही शेगडी आजवर रुसलेली नाही."

"माणसं रुसली असतील," मी म्हटलं.

"माणसं रुसतात. कारण मी त्यांचं सामान हलवतो."

आणि खरंच हलवलं! माझं शिलाईचं कपाट म्हणे शेगडीच्या फार जवळ. हलवा. लाकडाची टोपली जवळ. हलवा. शेवटी त्यानं मोजपट्टी लावली ती माझ्या पडद्याला. तो पडदा मी गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवते. दुपदरी, खाली वेलबुट्टी, माझ्या हातचं सगळ्यात सुंदर काम.

"हा काढायचा."

"हात लावून बघा," मी म्हटलं.

"काकू, दार उघडून लाकूड घालताना एक ठिणगी पुरते. पडदा राहू दे म्हणत असाल तर शेगडी परत नेतो."

ह्यांनी मान खाली घालून चहाचा कप न्याहाळायला सुरुवात केली. संकटात हे नेहमी कपात बघतात. मी चरफडत स्टुलावर चढले आणि पडदा उतरवला. शेगडी हवी होती ना!

मग मात्र कामाला जो वेग आला! आधी मिस्त्रीनं लाकडी जमिनीवर जाड दगडी फरशी बसवली, शेगडीच्या पुढेही चांगली हातभर येईल अशी. निखारा पडला तर दगडावर पडावा. शेगडी उभी केली ती विटांच्या भिंतीपुढे, पण भिंतीला टेकवून नाही, मध्ये जागा सोडून. बाजूच्या लाकडी भिंतीवर न जळणारा पत्रा ठोकला आणि पत्र्यामागेही हवा खेळेल अशी फट ठेवली. ती फट पाहून ह्यांचा हात खिशाकडे गेला. मी डोळे वटारले.

धुराचा पाईप सरळ वर गेला, माळ्यातून, छपरातून. माळ्यावर त्यानं दुहेरी भिंतीचा पाईप वापरला, लाकडी वाशांपासून लांब. "धूर आळशी असतो काकू. त्याला वळणं घातलीत की वाटेतच बसतो आणि काजळी धरते. सरळ रस्ता दिला की पळतो." मग तो छपरावर चढला आणि आढ्याच्याही वर पाईप नेऊन त्यावर टोपी बसवली. मी खाली अंगणात मान वर करकरून उभी. मान दुखायला लागली तरी हलवेना.

सगळ्यात शेवटी तो म्हणाला, "आता भिंतीला एक भोक."

हे ताडकन उभे राहिले. "भोक? कशाला?"

"शेगडीला श्वास नको? काका, तुमचं घर म्हणजे बरणी आहे. झाकण घट्ट लावलेली. आग आतली हवा खाणार, धूर वर नेणार. बाहेरून नवी हवा आली नाही, तर वर गेलेला धूर उलटा खाली येईल. धूर दिसतो तरी. त्याच्याबरोबर जे येतं ते दिसत नाही."

ह्यांनी एकवार सगळ्या भिंतींकडे पाहिलं. जन्मभराची कमाई होती ती. मग पडेल आवाजात विचारलं, "कुठे पाडणार?"

"शेगडीच्या मागे पाडतो, खाली."

"छे! मागून गार वारा लागला तर शेगडी थंड नाही का पडणार? पाडायचंच तर तिकडे पाडा, खिडकीखाली."

मिस्त्रीनं खांदे उडवले. "नियमात दोन्ही बसतं. घर तुमचं." आणि खिडकीखाली ड्रिल लावलं. गोल भोक पडलं, त्यावर जाळी बसली, चार स्क्रू आवळले. "हे कधीही, कसल्याही कारणानं बुजवायचं नाही. कळलं काका?"

"कळलं, कळलं."

मग त्यानं शेगडीत धुराची एक गोळी पेटवली आणि दार लावलं. मी अंगणात धावले. क्षणभर काही नाही. आणि मग टोपीखालून पांढरा शुभ्र धूर निघाला, दाट, मोकळा. मी ओरडले, "निघाला! अहो, निघाला!" समोरच्या घरातली म्हातारी घाबरून बाहेर आली, तिला वाटलं चोर निघाला. मिस्त्रीनं माळ्यावर जाऊन पाईपचा एकेक सांधा पाहिला, कुठेही धूर गळत नव्हता. अलार्म भिंतीवर लावला, बटण दाबून वाजवून दाखवला. कसला तो आवाज! कानातला मळ निघाला. "उद्या मीच येऊन पेटवून देतो. तोवर काडी लावायची नाही," असं बजावून तो गेला.

संध्याकाळी मी खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत शिवायला बसले. शेगडीकडे बघत बघत शिवत होते, त्यामुळे शिवण वाकडी जात होती. नव्या भोकातून वारा येत होता, नेमका माझ्या खांद्यावर. मी म्हटलं, "अहो, हे भोक मेलं थेट खांद्यात घुसतंय." एवढंच. बोलले आणि विसरले. मला कुठे ठाऊक, की बोलण्याआधी जिभेला गाठ मारायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली. हातात रिकामी मोठी बॅग. ती बॅग माझ्यासाठी होती, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिनं घरात शिरताच अलार्मचं बटण दाबून बघितलं, फरशी बघितली, पत्र्यामागे बोट घालून बघितलं. मिस्त्री आला तसा त्यालाही तिनं फैलावर घेतलं. राख कशात काढायची? झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि बादली घराबाहेर. लाकूड कसलं? वाळलेलंच, ओलं मुळीच नाही. काजळी? दर वर्षी ब्रशनं झाडून घ्यायची. शेगडीवर कपडे वाळत घालायचे का? मिस्त्री म्हणाला, "घालायचे असतील तर मला आत्ताच सांगा, मी निघतो." दोघांचं मस्त जमलं.

"पेटवा आता!" मी म्हटलं. मला धीर धरवत नव्हता.

"पहिला जाळ लहान," मिस्त्री म्हणाला. "नवा रंग तापतो, त्याचा वास येतो, तेवढा जाईपर्यंत एक खिडकी उघडी ठेवू."

बारीक ढलप्या, वर दोन पातळ लाकडं. काडी मला ओढायला दिली. पहिली विझली, दुसरी लागली. जाळ झरझर वर चढला, काचेमागे नाचायला लागला. रंगाचा उग्र वास आला, आम्ही शिंकलो, हसलो. मी मुलीचा हात धरून म्हटलं, "बघ! बघ की!" तीही हसत होती. लहानपणी हसायची तशी. हे शेगडीपुढे उकिडवे बसून दोन्ही तळवे शेकत होते आणि कान लाल झाले होते. आनंद झाला की ह्यांचे कान लाल होतात.

रंगाचा वास गेला. मिस्त्रीनं खिडकी लावली आणि जरा जाड लाकडं घातली.

आणि जाळ बसला. मघाशी नाचत होता तो आता पिवळट, जड होऊन लाकडांवर नुसता लोळायला लागला. काच एका कोपऱ्यातून काळी व्हायला लागली. मिस्त्री बोलता बोलता थांबला. मिशीला हात गेला. "असं नाही व्हायला पाहिजे," तो म्हणाला. त्यानं दार किंचित उघडून बघितलं तर धुराचा लोट थेट त्याच्या तोंडावर. त्यानं दार लावलं, पाईपची झडप पूर्ण उघडी आहे का बघितलं, पुन्हा जाळ बघितला. धूर कुठूनतरी खोलीत उतरत होता.

मग अलार्म वाजला.

मुलीनं एक क्षणही घालवला नाही. खिडक्या सताड, दार सताड, आम्ही सगळे अंगणात. मिस्त्रीनं जाता जाता हातमोज्यांनी जळती लाकडं लोखंडी बादलीत टाकली, झाकण लावलं आणि बादली बाहेर आणून ठेवली. आम्ही कुडकुडत उभे. घरातून तो भोंगा चाललेलाच. समोरची म्हातारी पुन्हा बाहेर आली. आज खरंच चोर निघाल्यासारखे आमचे चेहरे होते.

"मी बसवलेली एकही शेगडी..." मिस्त्री पुटपुटला आणि पुढचं त्यानं गिळलं.

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. "आई, ठरलं होतं," ती म्हणाली.

मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, रडलेच. भर अंगणात, म्हातारीसमोर. माझ्या डोळ्यांपुढे लेकीच्या घरातला तो पलंग आला, संध्याकाळचा फोन आला. जेवलात का. जेवलो.

मिस्त्री तोवर घराला वळसा घालून खिडकीखालच्या भोकाकडे गेला होता. बाहेरून त्यानं आत बोट घातलं. मग सबंध हात घातला. मग एक लांब तार आणली आणि ओढायला लागला. भोकातून काळी लोकर निघाली. निघतच राहिली. माझ्या जुन्या शालीची लोकर, घट्ट वळून, भोकाच्या मापाची, जाळीच्या मागे काळोखासारखी बेमालूम बसवलेली. चारही स्क्रू काढून, बोळा भरून, परत आवळले होते. एवढं सुबक काम वस्तीत एकच माणूस करतो.

आम्ही सगळे ह्यांच्याकडे वळलो. हे अंगणात कप शोधत होते, बघायला.

"मी सकाळी जाळी बघितली," मिस्त्री म्हणाला. "जाळी जागेवर होती. मागे हात घालून नाही बघितलं. चुकलं माझं. आता जन्मात नाही चुकणार."

"लोकर आहे ती," हे म्हणाले. "लोकरीतून हवा जाते. मला वाटलं थोडी जाईल, थोडी अडेल."

माझं डोकं फिरलं. जे तोंडात आलं ते बोलले. "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही म्हणतात, पण तुम्ही तर आम्हाला सगळ्यांना मारूनच थांबणार होतात! एवढं एक भोक सोडता आलं नाही? एक? आता बसा लेकाकडे जाऊन! कोंबा तिथे बोळे!"

हे खाली वाकून ती लोकर गोळा करायला लागले.

मुलीनं मला शांतपणे विचारलं, "आई, मला खरं सांग. ह्यापुढे बाबा ते भोक उघडं ठेवतील?"

हो म्हणायचं होतं. एका 'हो'वर माझा अख्खा हिवाळा लटकला होता. पण ती अपघात विभागात रात्री काय बघते ते मला ठाऊक होतं, आणि हा माणूसही मला ठाऊक होता. मी म्हटलं, "नाही ठेवणार."

तिनं मान हलवली आणि भावाला फोन लावला. हात गारठले होते म्हणून फोन स्पीकरवर टाकून अंगणातल्या कट्ट्यावर ठेवला. "दादा, बाबांना न्यायला ये. नाही, बरे आहेत. अरे, शेगडीच्या हवेच्या भोकात त्यांनी बोळा कोंबला. हो, ठाऊक आहे ना तुला, फटी बुजवायचं त्यांचं वेड."

"बाबांचं?" मुलाचा आवाज आला. "कसलं वेड? ते तर बस चालवणं सुटलं तेव्हाच गेलं ना? इथे त्यांच्या उशाशी खिडकी आहे, सगळा हिवाळा खडखडते, बोटभर फट आहे. मी कितीदा म्हटलं बाबा, काहीतरी लावा, नाहीतर मी सुतार बोलावतो. असू दे म्हणाले. दोन हिवाळे तशीच आहे. एक चिंधी लावली नाही त्यांनी आमच्या घरात."

अलार्म केव्हा थांबला होता कोण जाणे.

"बाबा?" मुलगी म्हणाली.

हे चपलेच्या टोकानं माती उकरत होते. "तिथे कोणाला वारा लागणार होता?" हे म्हणाले. "हिला खांद्यात लागतो. काल म्हणाली."

मी तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं! इतकी वर्षं मी सगळ्या जगाला सांगत आले, बसच्या खिडक्या, बसच्या खिडक्या.

मिस्त्री मोठ्यानं खाकरला. मोजपट्टी काढून, पुन्हा घालून, पुन्हा काढून म्हणाला, "काका, मी काल म्हणत होतो ते शेगडीमागचं भोक. तिथून आलेली हवा आधी शेगडीच्या पाठीला लागते, तापते, मग खोलीत येते. काकूंच्या खांद्याला मुळीच लागायची नाही. आणि शेगडी त्यानं थंड पडत नाही. शपथेवर."

ह्यांनी मान वर केली. "मुळीच नाही?"

"तुम्हीच हात लावून बघा. पटलं नाही तर मी तेही बुजवतो आणि शेगडी घेऊन जातो."

मुलगी फोनवर म्हणाली, "दादा, थांब जरा. निघू नकोस."

काय सांगू त्यानंतरची धांदल! ड्रिल परत आलं, शेगडीमागच्या विटांचा लाल धुरळा साऱ्या घरभर. मी झाडू घेऊन मागे, मुलगी ओलं फडकं घेऊन माझ्यामागे. नव्या भोकावर नवी जाळी बसली, आणि मुलीनं ती काढायला लावून आतून हात घालून, बाहेर बोटं निघालीत का ते मला बघायला पाठवलं. निघाली. मी ती धरून हलवली. मग जुन्या भोकाचा प्रश्न आला. मिस्त्रीनं सिमेंट कालवलं, थापी ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "हे बुजवायचंच आहे. होऊन जाऊ दे."

ह्यांचे कान असे लाल झाले! बाह्या सरसावून बसले. विटेचे तुकडे, सिमेंट, पुन्हा तुकडे. वरून असा हात फिरवला की मिस्त्रीनंसुद्धा वाकून बघितलं. "काका, माझ्याकडे कामाला या," तो म्हणाला. "भोकं मी पाडीन." सगळे हसलो. मघाशी रडलेली मी सगळ्यात मोठ्यानं.

मग दुसऱ्यांदा पेटवली. ह्या वेळी काडी मुलीनं ओढली. ढलप्या पेटल्या, बारीक लाकडं पेटली, मिस्त्रीनं खिडकी लावली. त्यानं जाड लाकडं घातली आणि शेगडीनं एक मोठा घुमणारा आवाज केला. जाळ उभा राहिला. पांढरा, सरळ, काच आरपार स्वच्छ. मी अंगणात धावले, वर पाहिलं, टोपीतून नुसता तापल्या हवेचा थरथराट, धूर जवळजवळ नाहीच. "पळतोय!" मी ओरडले. "अहो, पळतोय!" समोरची म्हातारी ह्या वेळी दार उघडायलाही आली नाही.

आत आले तर हे शेगडीमागे गुडघे टेकून बसले होते. आधी भोकाजवळ तळवा धरला, मग शेगडीच्या बाजूला, मग माझ्या खुर्चीपाशी येऊन हवेत हात फिरवला. इथे, तिथे, खाली, वर. गिऱ्हाईक पडद्याचं कापड चाचपतं तसं. मग मिस्त्रीला म्हणाले, "येते, पण ऊन येते."

"मग?"

"मग राहू दे."

मुलगी दुपारभर तिथेच बसली, नजर अलार्मवर. त्यावरचा हिरवा ठिपका लुकलुकत राहिला, अलार्म काही वाजला नाही. खोली तापत गेली. मी शाल काढली. मग स्वेटरही काढला. हिवाळ्यात माझ्या घरात मी स्वेटर काढला! मुलीनं मला जवळ घेतलं आणि माझ्या केसांत म्हणाली, "रोज फोन करायचा. राखेची बादली बाहेर. आणि बाबांनी त्या जाळीला हात लावला तर..."

"हात तोडीन," मी म्हटलं.

ऊन उतरायच्या आत ती निघाली. बॅग होती तशी रिकामी घेऊन गेली. जाताना अंगणातून भावाशी फोनवर बोलताना ऐकू आलं, "नाही रे, येत नाहीत. दोघंही नाहीत."

मग घरात आम्ही दोघंच उरलो. हे शेगडीपुढे बसले, मी माझ्या खुर्चीत. जाळाचा आवाज आणि मधूनच लाकूड फुटल्याचा. मला उठून नाचावंसं वाटत होतं, पण गुडघे काही हो म्हणत नव्हते. मग मी विचारलं, "त्या खिडकीशी थंडी वाजायची का हो तुम्हाला?"

"वाजायची की," हे म्हणाले.

दोन हिवाळे. रोज संध्याकाळी फोन. आणि एका शब्दानं म्हणून सांगितलं नाही. मला असा राग आला म्हणता, असा राग आला! ताडकन उठले, दार उघडलं आणि शेगडीत आणखी एक जाड लाकूड घातलं.